चेहऱ्याचा सर्जन व्हायचंय: एमसीएच, ईएनटी की सर्टिफिकेट कोर्स?

एका इंटर्न डॉक्टरचा प्रश्न थोडक्यात असा: "एमबीबीएसची इंटर्नशिप चालू आहे. मला फेशियल प्लास्टिक सर्जन व्हायचं आहे. अमेरिकेत ईएनटी (कान-नाक-घसा) केल्यावर एक वर्षाची फेलोशिप (पदवीनंतरचं खास प्रशिक्षण) आणि वेगळं बोर्ड (परीक्षा घेऊन तज्ज्ञाला प्रमाणपत्र देणारं मंडळ) असतं असं वाचलं. आपल्याकडे काय करावं? जनरल सर्जरी करून एमसीएच (त्यापुढची सुपरस्पेशालिटी पदवी), की ईएनटी करून फेलोशिप? काही दिवसांचे फेशियल एस्थेटिक्सचे (चेहरा सुंदर करण्याचे) कोर्सही निघालेत, त्यातून सुरुवात केली तर चालेल का? घरचे म्हणतात, इतकी वर्षं कशाला घालवतोस."

माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. शेवटी भिंतीवर कुठलं प्रमाणपत्र लागेल हे बघून मार्ग ठरवू नका. रेसिडेन्सीत, म्हणजे रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणात, दर आठवड्याला कुठल्या केसेसना स्क्रब व्हाल (हात धुऊन शस्त्रक्रियेत उभे राहाल) आणि त्यातल्या किती तुमच्या हातून होतील, ते बघा. अपघातात मोडलेले, भाजलेले, जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेले, कॅन्सरमुळे अर्धा जबडा गेलेले चेहरे ज्या विभागात भरपूर येतात, तिथे मिळणारी सीट तुमच्यासाठी सर्वांत चांगली. नाक सुबक करणं, पापण्या उचलणं, सुरकुत्या काढणं हे त्या कामानंतरचं काम आहे, आणि त्याच हातांनी ते नीट होतं.

भारतात फेशियल प्लास्टिक सर्जरी नावाची स्वतंत्र एमसीएच नाही. चेहऱ्यापर्यंत वेगवेगळे रस्ते जातात. मुख्य रस्ता म्हणजे एमबीबीएस, मग तीन वर्षांची एमएस किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तशीच पदवी) जनरल सर्जरी, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची एमसीएच किंवा डीआरएनबी (त्याच मंडळाची सुपरस्पेशालिटी पदवी) प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबी प्लास्टिकचाही मार्ग आहे. त्याला नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि मधली एक प्रवेश परीक्षा वाचते. जागा मोजक्या असतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. सीनियरने सांगितलेल्या जुन्या माहितीवर जाऊ नका. दुसरा रस्ता तीन वर्षांचा एमएस ईएनटी आणि त्यापुढे नाक-चेहऱ्याची फेलोशिप. डोळ्यांच्या डॉक्टरांचा ऑक्युलोप्लास्टीचा रस्ता पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्याची खोबण यांच्यापुरता असतो, पण तेवढ्या भागात ते फार पुढे गेलेले असतात. दातांच्या डॉक्टरांचा एमडीएस ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीचा रस्ता जबड्याकडून चेहऱ्याकडे येतो. तो तुमच्यासाठी नाही, पण ती माणसं कायम तुमच्या शेजारच्या टेबलावर असतील, म्हणून त्यांचं काम ओळखून असा.

आता तीन वर्षांच्या एमसीएचमध्ये नेमकं काय होतं, ते सांगते. बाहेरून कुणाला ते दिसत नाही आणि माहितीपत्रकातही लिहिलेलं नसतं.

सुरुवातीचे महिने ड्रेसिंगमध्ये जातात. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग एकेका वेळी तास-दीड तास चालतं. जखम कधी ग्राफ्ट (दुसरीकडून आणलेली त्वचा) घ्यायला तयार झाली हे तिथे डोळ्याला कळायला लागतं. मग मांडीवरून त्वचेचा पातळ थर काढायला शिकता. हातातल्या लांब पात्याच्या सुरीचा कोन जरा बदलला तर थर जाड येतो किंवा फाटतो. रात्री कॅज्युअल्टीत फाटलेले ओठ, तुटलेले कान, कुत्र्याने चावलेले गाल येतात. ओठ शिवताना लाल भागाची कडा एक मिलिमीटर जरी खालीवर झाली तरी समोरच्या माणसाला ती हातभर अंतरावरून दिसते. हे पुस्तकात एका ओळीत असतं. पण दहा ओठ शिवल्यावर मगच पहिल्या टाक्याला ती कडा जुळवण्याची सवय हाताला लागते.

मग मायक्रोसर्जरी. सूक्ष्मदर्शकाखाली आधी हातमोज्याच्या रबरावर, मग कोंबडीच्या तंगडीतल्या रक्तवाहिनीवर सराव करायचा. दोरा नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. पुढे जबड्याचा कॅन्सर काढल्यावर पायाचं हाड त्वचेसकट आणून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात, तेव्हा रात्रभर तासातासाने त्या आणलेल्या तुकड्याचा, म्हणजे फ्लॅपचा, रंग बघणारा रेसिडेंट तुम्ही असता. फ्लॅप निळसर व्हायला लागला की सरांना फोन करायचा की अर्धा तास थांबायचं, हा निर्णय पहाटे तीन वाजता तुम्हाला घ्यायचा असतो. फोन करा. मी शिकवलेल्या प्रत्येक मुलाला हेच सांगते.

एक शस्त्रक्रिया जवळून दाखवते, कारण प्रशिक्षण म्हणजे काय ते तिच्यात पुरतं दिसतं. नाकाचा शेंडा आणि एक बाजू गेलेली आहे. अपघात असेल, कॅन्सर असेल. कपाळाची त्वचा खाली फिरवून तिचं नवं नाक करायचं. भुवईच्या आतल्या टोकापासून एक धमनी वर जाते, त्वचेची पट्टी तिच्यावर जगते. टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातलं फॉइल घ्यायचं, चांगल्या बाजूच्या नाकपुडीवर दाबून त्याचा साचा काढायचा, उलटा करायचा, सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि पेनने आखायचं. मग गॉजची पट्टी भुवईशी धरून फिरवून बघायची की आखलेली त्वचा खरोखर शेंड्यापर्यंत पोचते का. इथे नवा माणूस घाई करतो. पट्टी अर्धा सेंटिमीटर आखूड निघाली की ती ताणून शिवावी लागते, आणि ताणलेल्या पट्टीचं टोक काळं पडतं. आत कानाच्या किंवा बरगडीच्या कूर्चेचा आधार द्यायचा, त्याच्याही आत अस्तर, नाहीतर सहा महिन्यांत सगळं आकसून नाकपुडी बंद होते. साधारण तीन आठवड्यांनी कपाळ आणि नाक जोडणारा पट्टीचा मधला पूल कापायचा. तोवर रुग्ण कपाळावरून नाकाकडे उतरणारी ती पट्टी घेऊन वावरतो. त्याच्या घरच्यांना हे आधी नीट समजावलं नसेल तर बाकी सगळं काम बरोबर होऊनही ती माणसं घाबरून जातात.

ही शस्त्रक्रिया आपल्या मातीतली आहे. सुश्रुतसंहितेत नासासंधान आहे हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आलेली हकिगत पुण्याजवळची आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराने पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या त्वचेचं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचं त्या हकिगतीत आहे. त्या माणसाने साचा मेणाचा केला होता: पातळ मेण नाकाच्या जागी बसवायचं, सपाट करायचं, कपाळावर ठेवून आखायचं. मधला पूल पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचा. आज आम्ही करतो त्याच्याशी हे किती जुळतं ते बघा. ती हकिगत वाचून पुढे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये ती छापली.

त्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत नाही. असं कसब सहसा घराण्यात राही, बापाकडून मुलाकडे जाई. किती जणांची नाकं जगली, किती जणांची गेली, याची नोंद कुठे नाही. मला वाटतं, लॉगबुक (रेसिडेंटने केलेल्या केसेसची वही), परीक्षा आणि नोंदवही यांचं महत्त्व इथे कळतं. कसब तर त्या माणसाकडेही होतं. ते किती जणांना, कशा रीतीने शिकवलं आणि शिकलेल्याला येतं की नाही हे तिऱ्हाइताला तपासता येईल, ही सोय आधुनिक प्रशिक्षणाने आणली. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात 1958 मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. मुंबईत जे. जे. मध्ये डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे बसलेले नाक आणि वाकडी बोटं यांच्यावर आयुष्य घातलं. या दोघांची पिढी डोळ्यांसमोर ठेवली तर या शाखेचा जन्म कशातून झाला ते विसरायला होत नाही.

जनरल सर्जरीवाले आणि ईएनटीवाले यांच्यातला चेहरा कुणाचा हा वाद तुम्ही ऐकलाच असेल. मी एमसीएचच्या रस्त्याने आले, तरी सरळ सांगते: नाकाच्या बाबतीत चांगल्या ईएनटी सर्जनला तोड नाही. नाकातून हवा कशी जाते हे तो रोज बघतो. बाहेरून सुंदर दिसणारं पण श्वास कोंडणारं नाक करण्याची चूक त्याच्याकडून कमी होते. नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा काढताना वरची आणि पुढची सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी शाबूत ठेवायची असते, नाहीतर पुढे नाकाची दांडी खचते. ईएनटीच्या मुलाला ते दुसऱ्या वर्षी माहीत असतं. शिवाय आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाणारे हॅरल्ड गिलीज मूळचे कान-नाक-घशाचेच डॉक्टर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये (पुढचं क्वीन मेरीज) 1917 पासून त्यांनी सैनिकांचे फुटलेले चेहरे दुरुस्त केले. अंतिया त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यामुळे एका शाखेने दुसरीला परकं म्हणायला इतिहासात काही आधार नाही.

पण ईएनटीच्या तीन वर्षांत साधारणपणे काय मिळत नाही, तेही माहीत हवं. भाजल्यानंतर आकसलेल्या पापण्या, दुभंगलेला ओठ, त्वचेचे ग्राफ्ट, मायक्रोसर्जरी हे बहुतेक ठिकाणी हाताखालून जात नाही. त्या रस्त्याने गेलात तर तुमची फेलोशिप ही उणीव भरून काढणारी हवी. फक्त नाकच करायचं असं मनाशी ठरलं असेल तर ईएनटी आणि त्यापुढे राइनोप्लास्टीची (नाकाच्या शस्त्रक्रियेची) कसून केलेली फेलोशिप हा अगदी सन्मानाचा आणि वेळेची बचत करणारा मार्ग आहे. पूर्ण चेहरा करायचा असेल, म्हणजे फेसलिफ्ट, पापण्या, चेहऱ्याचा लकवा, कॅन्सरनंतरची पुनर्रचना, तर एमसीएचला पर्याय मला दिसत नाही.

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) महाराष्ट्रात जे केलं, ते तुम्ही ऐकलं असेल. वरचा जबडा काढलेली, कुणाचा डोळा काढलेली माणसं रांगेत होती. ईएनटी दुर्बिणीने सायनस साफ करायचे, मॅक्सिलोफेशियलवाले जबडा सांभाळायचे, नेत्रतज्ज्ञ डोळ्याचा निर्णय घ्यायचे, आणि पुढे महिन्यांनी टाळूचं भोक बुजवायला, गाल भरायला रुग्ण आमच्याकडे यायचा. तेव्हा चेहरा कुणाचा हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. त्या काळात जे रेसिडेंट होते, त्यांना एकमेकांच्या ओटीत (शस्त्रक्रियागृहात) उभं राहायची सवय लागली. ती सवय तुम्ही मुद्दाम लावून घ्या.

अमेरिकेचं तुम्ही जे वाचलं ते बरोबर आहे, फक्त अर्धं. तिथे ईएनटीची रेसिडेन्सी पाच वर्षांची असते, तीन नव्हे, आणि फेशियल प्लास्टिकची वर्षभराची फेलोशिप तिच्यावर चढते. अमेरिकन बोर्ड ऑफ फेशियल प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी 1986 मध्ये स्थापन झालं. तिथे अशा बोर्डांची जी मुख्य परिषद आहे, तिच्या 24 सदस्य बोर्डांत ते नाही. तरीही त्याचा दर्जा टिकून आहे, कारण त्याच्या परीक्षेला बसण्याआधी ईएनटी किंवा प्लास्टिक सर्जरीचं मान्यताप्राप्त बोर्ड हातात असावं लागतं, लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते आणि स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासायला द्याव्या लागतात. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. परीक्षेत उत्तर चांगलं देणं आणि टेबलावर हात चालणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर नोंदींमधूनच दिसतं. उलट तिथेही 'कॉस्मेटिक' शब्द असलेली अशी बोर्ड आहेत जी या 24 मध्ये नाहीत आणि ज्यांच्या अटी वेगळ्या आहेत. त्यामुळे 'बोर्ड सर्टिफाइड' एवढं ऐकून तिथला जाणता रुग्णही थांबत नाही. कुठलं बोर्ड, असं पुढे विचारतो.

परदेशी सर्जनांसाठी याच धर्तीची आंतरराष्ट्रीय बोर्डाची परीक्षा आहे. ईएनटी किंवा प्लास्टिक पूर्ण करून काही वर्षं काम केल्यावर ती द्यावीशी वाटली तर जरूर द्या. अभ्यासाला शिस्त लागते. पण ती परीक्षा म्हणजे कुठल्याही देशात शस्त्रक्रिया करण्याचा परवाना नव्हे. अमेरिकेत काम करायचं तर साधारणपणे यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा आणि तिथलीच रेसिडेन्सी लागते, आणि परदेशातून शिकून गेलेल्यांना ईएनटी व प्लास्टिकच्या जागा मिळणं फार कठीण असतं. केवळ फेलोशिप एक वर्षाची दिसते म्हणून तो मार्ग छोटा समजू नका.

आता काही दिवसांच्या कोर्सबद्दल. यावर मी मवाळ बोलणार नाही, कारण त्याची फळं आमच्या कॅज्युअल्टीत येतात. एमबीबीएसनंतर आठवडाभराचा फिलर (त्वचेखाली भरायचं जेल) आणि बोटॉक्सचा कोर्स करून चेहऱ्यात सुई घालणं हे धोक्याचं आहे. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये ज्या रक्तवाहिन्या आहेत, त्यांचं डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी नातं आहे. फिलर चुकून धमनीत गेलं तर त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते. डोळ्याकडे गेलं तर दृष्टी जाते, आणि ती बहुधा परत येत नाही. त्वचेवरचा प्रसंग ओळखून फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज लगेच आणि पुरेशा मात्रेत द्यावं लागतं. सुई कशी धरायची हे आठवड्यात शिकवता येतं. ती कुठल्या थरात आहे हे कळायला तोच चेहरा उघडून पाहिलेला असावा लागतो.

पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. खालच्या पापणीखालची पिशवी काढली, रुग्ण खोलीत गेला आणि संध्याकाळी म्हणाला, डोळा खूप दुखतोय. सिस्टर वेदनाशामक देईल. पण तुम्हाला जाऊन बघावं लागतं: डोळा पुढे आलाय का, दगडासारखा लागतोय का, बुबुळ प्रकाशाला आकसतंय का. डोळ्यामागे रक्त साठत असेल तर दीड तासाच्या आसपास डोळ्याचा पडदा कायमचा मरायला लागतो. सीटी स्कॅनला पाठवायची वेळ ती नसते. वॉर्डातच टाके सोडायचे, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचा पट्टा कापून दाब मोकळा करायचा. असा प्रसंग क्वचित येतो. पण येतो तेव्हा ज्याने रेसिडेन्सीत अपघाताच्या रुग्णावर तो कोपरा एकदा तरी कापलेला आहे, त्याचाच हात हलतो. मोडलेल्या चेहऱ्यांवर वर्षं घालवा असं मी म्हणते त्याचं कारण हे आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये केशरोपण आणि सौंदर्यविषयक प्रक्रियांबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण या प्रक्रिया सुरू करायला पुरेसं नाही, हे त्यात साफ लिहिलं आहे. 2002 च्या आचारसंहितेत तर आधीपासूनच आहे की, ज्या शाखेची खास पात्रता नाही त्या शाखेचा तज्ज्ञ असल्याचा दावा डॉक्टरने करू नये. घरच्यांना ही दोन्ही वाक्यं वाचून दाखवा. उद्या काही बिघडलं आणि प्रकरण ग्राहक आयोगात किंवा पोलीस ठाण्यात गेलं, तर पहिला प्रश्न येतो, याचं शिक्षण कुठे घेतलं? तेव्हा तीन दिवसांच्या कोर्सच्या कागदाला काही वजन उरत नाही.

सीट निवडण्याआधी एक काम करा. ज्या विभागाचा विचार आहे तिथे जाऊन सध्याच्या रेसिडेंटना भेटा, आणि शक्यतो शेवटच्या वर्षाच्या. त्यांना विचारा: दुभंगलेला ओठ स्वतः कितीदा केला? जबड्याच्या फ्रॅक्चरच्या प्लेट कोण बसवतं, तुम्ही की डेंटल? राइनोप्लास्टी बघायला मिळते की करायला? फ्री फ्लॅपच्या (शरीराच्या दुसऱ्या भागातून सुटा करून आणलेल्या फ्लॅपच्या) रक्तवाहिन्यांची शिवण कोण करतं? सरकारी विभागात सौंदर्याच्या केसेस कमी असतात, तो खरा तोटा आहे. खासगी रुग्णालयांच्या डीआरएनबीमध्ये अशा केसेस दिसतात, पण पैसे भरून आलेल्या रुग्णावर रेसिडेंटचा हात क्वचित पडतो. माझा कल सरकारीकडे आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., नागपूरचं मेडिकल, अशा ठिकाणी अपघात आणि भाजलेले रुग्ण यांची कधी वानवा नसते. सौंदर्यशस्त्रक्रिया नंतर फेलोशिपमध्ये शिकता येते; अपघाताचा चेहरा नंतर कुणी तुमच्या हाती देत नाही. जबडा आणि तोंडाच्या कॅन्सरनंतरची पुनर्रचना बघायची असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये काही आठवडे ऑब्झर्वर म्हणून उभं राहायची परवानगी मिळते का बघा. भाजण्याचं काम ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये, मायक्रोसर्जरीचं कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये. या जागा पाहून आलेला मुलगा मुलाखतीतही वेगळा उठून दिसतो.

एमसीएचनंतरच्या फेलोशिपबद्दल एवढंच, की नाव मोठं म्हणून घेऊ नका. तिथे वर्षभरात काय करायला मिळालं हे मागच्या फेलोला फोन करून विचारा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे फेलोशिप अभ्यासक्रम आहेत, संघटनांच्या आहेत, रुग्णालयांच्या स्वतःच्या आहेत. विद्यापीठाच्या फेलोशिपला परीक्षा आणि ठरावीक मुदत असते, ही जमेची बाजू. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया ही 1957 पासूनची आपली संघटना. तिच्या परिषदांना रेसिडेंट असल्यापासून जा, चुकलेल्या केसेसवरची सत्रं चुकवू नका. संघटनेचं सदस्यत्व मात्र प्रशिक्षणाच्या जागी मांडू नये, तुमच्या लेटरहेडवरही नाही.

पदवी मिळाली की ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घ्या. हे काम मुलं वर्षानुवर्षं लांबवतात. एमबीबीएसची नोंदणी आहे, मग झालं, असं वाटतं. पण नोंदवहीत एमसीएच दिसत नसेल तर बाहेरच्याच्या लेखी ती नाहीच. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट लागतात, तेही ध्यानात ठेवा. अमेरिकेत पुन्हा पुन्हा मूल्यमापन होत राहतं. आपल्याकडे पदवीनंतर परीक्षा नाही. त्यामुळे आपल्या केसेसचे आधीचे-नंतरचे फोटो, गुंतागुंत, पुन्हा करावी लागलेली ऑपरेशन्स यांची नोंद स्वतःच ठेवावी लागते. फोटो नेहमी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून, त्याच सहा कोनांतून आणि रुग्णाच्या लेखी संमतीने घ्या. पहिल्या वर्षी लागलेली ही सवय पुढे टिकते, नंतर लावू म्हटलं की लागत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांनाही सांगा की डॉक्टरचं नाव कौन्सिलच्या नोंदवहीत बघून घ्या. त्यांनी तपासलेलं आपल्याला जड जाऊ नये.

आणि घरच्यांचा प्रश्न. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमएस, तीन एमसीएच, शिवाय बंधपत्राची सेवा आणि प्रवेश परीक्षांमध्ये गेलेला वेळ. तिशी उलटते. बरोबरीचे मित्र स्वतःचा दवाखाना थाटून, गाडी घेऊन मोकळे झालेले असतात आणि तुम्ही स्टायपेंडवर असता. हे खरं आहे, त्याला मुलामा देऊन सांगण्यात अर्थ नाही. घरी कर्ज असेल, लहान भावंडांचं शिक्षण असेल तर ईएनटी आणि फेलोशिपचा रस्ता दोन-तीन वर्षं वाचवतो आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. जनरल सर्जरीनंतर एक-दोन वर्षं तालुक्याच्या ठिकाणी काम करून, पैसे साठवून मग एमसीएचला आलेली मुलं मी शिकवली आहेत. त्यांचे हात उलट जास्त तयार असतात, आणि रुग्णाशी बोलणंही. वडिलांना एकदा वॉर्ड दाखवता आला तर दाखवा. ओठ शिवून घरी निघालेलं तीन महिन्यांचं बाळ आणि त्याची आई बघितली की बराच प्रश्न सुटतो, असा माझा अनुभव आहे.

तुमची इंटर्नशिप अजून चालू आहे, तेव्हा इलेक्टिव्ह पोस्टिंगचे (आपण विभाग निवडायचे) दोन आठवडे बाकी असतील तर ते प्लास्टिक सर्जरीत मागा. तुमच्या कॉलेजात विभाग नसेल तर सर्जरीच्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जवळच्या कॉलेजात विचारा. सकाळी आधी बर्न्स वॉर्डात जा आणि ड्रेसिंगला हात लावा, ओटी नंतर. दोन आठवड्यांनी तो वास, ती ओरड आणि तो वेळ तुम्हाला सोसवला, आणि तिसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी परत जाऊन त्या रुग्णाची ग्राफ्ट बसली का हे बघावंसं वाटलं, तर नीट-पीजीच्या पसंतीक्रमात जनरल सर्जरी आणि थेट डीआरएनबी प्लास्टिक दोन्ही वर ठेवा. तसं नाही वाटलं तर ईएनटीच्या ओटीत तेवढेच दिवस काढा आणि मग ठरवा.